अर्धा ठेका

वायरलेस नेला त्याला पंधरवडा होऊन गेला, तरी विठाबाई सोप्यातल्या त्या कोपऱ्यात झाडू घालत नव्हती. सगळा सोपा झाडून यायची आणि तिथं आली की हात आवरायची. तिथं सांभाळण्यासारखं आता होतं तरी काय? भिंतीत चार खिळे, फळीवर पेटीच्या आकाराचा एक कोरा चौकोन, आणि बाहेर गोठ्याच्या मेढीला बांधलेला उंच वेळू. त्या वेळूपासून उंबरापर्यंत ताणलेली तार फौजदारानं गुंडाळून नेली होती. वेळू तेवढा ठेवला. त्याच्या हुकमात वेळूचा उल्लेख नसावा.

तसा फौजदार सभ्य होता. लढाई सुरू झाली, हौशी माणसांनी आपली बोलती यंत्रं जमा करावीत असा सरकारचा हुकूम निघाला, आणि तो शिपाई घेऊन दारात उभा राहिला, एवढंच. सोपाननं पेटीतला एकेक काचेचा व्हॉल्व्ह धोतराच्या फडक्यात गुंडाळून स्वतः त्याच्या हाती दिला. "हळू न्या, नाजूक हाय," असं तो इतक्यांदा म्हणाला की शिपाई हसायला लागला.

विठाबाईला त्या पेटीचं कधीच कौतुक नव्हतं. धरणाच्या विजेच्या कामावरनं लेक दमून यायचा, दोन घास खायचा आणि कानाला ते भोंगे लावून बसायचा. मग त्याच्याशी बोलायची सोय नसे. तो बोलायचा कोलंबोतल्या कुणा चहामळेवाल्याशी, रंगूनच्या कुणा मास्तराशी, ज्यांची तोंडं त्यानं जन्मात पाहिली नव्हती. बोलायचा म्हणजे तारेची पितळी चावी कडकट्ट वाजवायचा. तिनं एरियलच्या तारेवर ओलं लुगडं वाळत घातलं की कोलंबो बुडायचं आणि आत सोपान कपाळाला हात लावायचा. बायको पहिल्याच बाळंतपणात गेली, दुसरी करीन म्हणाला नाही, हे असलं काही तरी धरून बसला. पण पेटी गेल्यापासून तो नुसताच बसायला लागला, आणि ते तिला जास्त सोसेना.

कोंडाजीआबा आले ते पायरीवर काठी आपटतच. ते विठाबाईचे धाकटे दीर. थोरला भाऊ गेल्यापासून कुसगावातल्या त्यांच्या भावकीचं वडीलपण त्यांच्याकडं आलं होतं आणि ते कुणाला विसरू देत नसत.

"उद्या दादाचा म्हाळ," टेकता टेकता ते म्हणाले. "औंदा पानं दोन मांडायची."

विठाबाई तांदूळ निवडत होती. "दुसरं कुणाचं?"

"मारुतीचं."

तिनं सूप खाली ठेवलं नाही. उलट जास्तच वाकून निवडायला लागली.

"वैनी, बारा वर्सं झाली," आबा जरा खालच्या आवाजात म्हणाले. "मला काय हौस हाय व्हय? पर रीत हाय. सकाळी नदीवर पिठाचा पुतळा करून अग्नी देऊ आन् दुपारी भावाच्या शेजारी पान ठिवू. माझ्या मांडीवर वाढलेलं पोर हाय ते."

ते खोटं नव्हतं. मारुती, विठाबाईचा थोरला, आबांच्याच खांद्यावर बसून भैरोबाच्या जत्रेला जायचा. पुढं लोणावळा स्टेशनात तारेवर लागला, गावचा पहिला तारबाबू. मोंबासाच्या रेल्वेत माणसं हवीत असं कानावर आलं आणि बोटीवर चढला. वर्षभरात घर बघतो, बायकोला, मुक्ताला, न्यायला येतो, असं सांगून गेला. आधी पत्रं येत, मग येईनाशी झाली. कुणी म्हणे तापानं गेला, कुणी म्हणे बोटीतच गेला. विठाबाई दर म्हाळाला नवऱ्याचं पान वाढताना दुसऱ्या पानाकडं मन जाऊ देत नसे.

"आन् मुक्तीचं?" ती म्हणाली. "पान मांडलं का तिचं कपाळ गेलं. तुमी पान मांडून घरी जाशीला. पांढऱ्या कपाळाची सून रोज माझ्या म्होरं बसनार."

"त्येचा बी इचार केलाय." आबांनी आत चुलीच्या बाजूला बघून घेतलं. "परंदवडीचा अंबाजी. बायकू वारली, पदरात येक ल्हान पोर. मानूस शांत हाय. मुक्ताचा पाट लावून घ्यायला तयार हाय. अजून तिचं वय हाय वैनी. हितं कुनाच्या नावानं झिजत बसायचं तिनं?"

विठाबाई काही बोलायच्या आत दारातनं आवाज आला.

"पान मांडू नका आबा. मारुतीदादा जिता हाय."

सोपान कामावरनं आला होता. पायांतल्या वहाणाही त्यानं काढल्या नव्हत्या.

*

सोपानला हे असं उंबऱ्यात उभं राहून सांगायचं नव्हतं. खरं तर त्याला ते कधीच सांगायचं नव्हतं. पण आता सांगणं भाग पडलं.

घरात ऐकू नीट येत नसे, तिथनं ही गोष्ट सुरू झाली. एका बाजूला घाट चढणारी रेल्वेची विजेची इंजिनं, दुसऱ्या बाजूला धरणाकडनं जाणाऱ्या जाड तारा. दोन्हींची घरघर कानात अशी भरायची की लांबचं बारीक स्टेशन तिच्याखाली चेंगरून जायचं. ज्या पारशी शेटच्या बंगल्यावर तो विजेची डागडुजी करायचा, त्यांनीच त्याला जुने भाग दिले होते, परीक्षेला बसवलं होतं, परवाना मिळवून दिला होता. ते एकदा म्हणाले, "अरे, मशीन उचल ने गाडीमां घाल. तारांपासून लांब जा." शेटच्या डोळ्यापुढं त्यांची मोटर होती. सोपाननं बैलगाडी जुंपली.

गाडीत कडब्याची गादी, तिच्यावर पेटी, पेटीशेजारी बॅटऱ्या. कुसगावावरच्या पठारावर गाडी सोडायची, बैल लांब बांधायचे, कारण त्यांच्या गळ्यातल्या घुंगरांचा त्रास होई. मग वेळू उभा करून गाडीच्या जुवाला आवळायचा आणि तारेचं दुसरं टोक जांभळीत फेकायचं. समोर लोहगड, विसापूर, आणि कानात एकदम शांतता. दिवस मावळायच्या सुमाराला पश्चिमेकडचा समुद्र ओलांडून स्टेशनं यायची. गुराखी पोरं सुरुवातीला जमायची, मग त्यांनाही कंटाळा आला. सोपान मात्र दर आठवड्याला जायचा. "कुणी आहे का, कुणी आहे का," अशी हाक चावीवर वाजवायची आणि थांबायचं. घरी दोन माणसं होती. त्यांना त्यानं अशी हाक कधी मारली नव्हती.

वैशाखात एका संध्याकाळी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचं एक नवं स्टेशन लागलं. इंग्रजीतच, नेहमीचं: हवा कशी आहे, ऐकू कसं येतं. पण सोपानचा हात लिहिता लिहिता थांबला. चावीवर प्रत्येकाचा हात वेगळा असतो, आणि हा हात त्याला माहीत होता. लांब कडकट्ट जिथं संपायचा तिथं तो माणूस जरासा ओढायचा, कासरा ओढावा तसा. लहानपणी याच सोप्यात बसून पितळीवर चमचा वाजवून ज्यानं सोपानला तारेची अक्षरं शिकवली, तो असाच ओढायचा, आणि स्टेशनातले साहेब त्यावरून त्याला बोलायचे.

सोपाननं नाव विचारलं. पलीकडनं कसलंसं किरिस्तावी नाव आलं.

मग त्याला सुचलं. भैरोबाच्या जत्रेत कुसगावची लेझीम निघते, तिचा म्होरक्या आधी अर्धा ठेका देतो आणि मागची रांग उरलेला अर्धा पुरा करते. हा ठेका दुसऱ्या गावात नाही. कार्ल्याची लेझीम वेगळी, मळवलीची वेगळी. मारुती म्होरक्या होता. सोपाननं चावीवर तो अर्धा ठेका दिला. दोन लांब, तीन आखूड.

"मग?" आबांनी विचारलं. ते उभे राहिले होते.

"मग तिकडनं उरल्याला अर्धा आला."

विठाबाईच्या हातातलं सूप कलंडलं. तांदूळ सारवलेल्या जमिनीवर पसरले आणि ते गोळा करायचं कुणाला सुचलं नाही.

"माझं लेकरू," ती म्हणाली. "बरं हाय न्हवं? काय म्हनला? आईचं इचारलं?"

"बोलला न्हाई आये. नुसतं वाजवलं."

"वाजवलं म्हंजी बराच असल. आजारी मानूस वाजवल कशाला?" ती हसत होती आणि डोळे पुसत होती. "आता बोला भाऊजी! जित्याचं पान मांडता? माझ्या जित्या लेकराला पिंड?"

आबा सोपानकडं बघत होते. त्यांनी उभ्या जन्मात कोर्टाच्या लय पायऱ्या झिजवल्या होत्या आणि साक्षीदार कुठं थांबतो ते त्यांना कळायचं.

"वैशाखातली गोष्ट," ते म्हणाले. "आज भादव्याचा वद्य पक्ष. आन् तुला आज आटवली, पेटी सरकारजमा झाल्यावर. कुनाला ऐकवायची सोय न्हाई, दाखवायची सोय न्हाई."

सोपान वहाणा काढायला वाकला.

"आन् नेमकी मुक्ताच्या पाटाचं निघाल्यावर. सोपाना, तुझी बायकू जाऊन किती वर्सं झाली रं? ह्या घरात भाकरी कोन करतं? दिवा कोन लावतं?"

"आबा!"

"मी काय वंगाळ म्हनत न्हाई. मुक्ता तुला भनीसारखी हाय ते समदं गाव जानतं. पर ती गेली तर घर भकास व्हईल आन् ते तुला नको. येवढंच म्हनतो." त्यांनी काठी उचलली. "उद्या भावकी जमल. तिच्या म्होरं हेच सांग. ठाम सांगशील तर पान मांडनार न्हाई, माझा शब्द."

ते गेले. विठाबाई आत देवापुढं साखर ठेवायला गेली. सोपान तांदूळ वेचत बसला. आबांनी बोट ठेवलं होतं ते बरोबर दुखऱ्या जागी, आणि त्याला त्यांचा रागही धड येईना.

*

मुक्तानं चुलीपाशी बसून सगळं ऐकलं होतं. या घराच्या भिंती कुडाच्या, त्यांतनं सगळंच ऐकू येतं. सोप्यातला कडकट्टही यायचा. भाकरी थापताना तिचा हात कधी कधी त्या ठेक्यावर पडायचा, आणि मग तिला स्वतःचंच हसू यायचं. या घरात तेवढाच काय तो गलबला होता. सासूबाई देवाशी बोलायच्या, भाऊजी कोलंबोशी. तिच्याशी कोण बोलायचं? जेवणाचं, गुरांचं, पाऊसपाण्याचं बोलणं व्हायचं तेवढंच. बायका तिला हळदीकुंकवाला बोलवायच्या आणि बोलावल्यावर जरा अवघडायच्या, कारण हिला सवाष्ण म्हणावं की काय ते कुणालाच ठरवता येत नव्हतं. ओटी भरताना एखादीचा हात थबकायचा. ते थबकणं तिनं बारा वर्षं बघितलं होतं.

परंदवडीच्या अंबाजीला तिनं एकदाच पाहिलं होतं, कार्ल्याच्या बाजारात. त्याची लेक हरवली होती आणि मुक्तानं ती शोधून आणली. पोरगी तिचा पदर सोडेना. अंबाजी म्हणाला होता, "तुमच्यापाशी गप ऱ्हायली. माझ्यापाशी रडती." नंतर पुष्कळ दिवस तिला पदरावरची ती मूठ आठवायची. मग ती स्वतःच कोंडाजीआबांकडं गेली होती. घरात हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि आबांनीही ते आपल्या तोंडून सांगितलं नव्हतं. म्हातारा आपल्याच अंगावर सगळा वाईटपणा घेऊन गेला, हे तिला आज कळलं.

थोड्या वेळानं विठाबाई शेजारणीला बातमी सांगायला गेली तशी मुक्ता सोप्यात आली. सोपान फळीवरच्या त्या कोऱ्या चौकोनाकडं तोंड करून बसला होता. तिनं त्याच्यापुढं पितळी पालथी घातली आणि चमचा ठेवला.

"भाऊजी, वाजवून दावा."

"काय?"

"तुमी काय वाजवलं आन् तिकडनं काय आलं, ते."

त्यानं चमचा उचलला. दोन लांब, तीन आखूड. मग जरा थांबून: तीन आखूड, एक लांब, आणि तो शेवटचा लांब थोडा ओढलेला.

तिनं डोळे मिटले. लग्नाच्या वरातीत नवरदेव घोड्यावरनं उतरून लेझीम खेळायला गेला होता. सगळी वरात खोळंबली, तिच्या बापाला राग आला, आणि तिला आत कुठं तरी इतकं बरं वाटलं होतं की ते तिनं कुणाला सांगितलं नाही. तोच ठेका.

"त्येच हायती," ती म्हणाली. "आन् मग?"

"मग काय न्हाई."

"मग काय झालं भाऊजी? आबांनी इचारलं न्हाई, सासूबाईंना सुचलं न्हाई. मी इचारती."

"बंद झालं."

"तुटलं, का तोडलं?"

सोपाननं तिच्याकडं पाहिलं. इतकी वर्षं भिंतीआडून ऐकून ती एवढं शिकली असेल असं त्याला वाटलं नव्हतं. हवा बिघडली की स्टेशन हळूहळू बुडतं, आवाज पातळ होत होत जातो. माणसानं बटण बंद केलं की ते एकदम जातं.

"तोडलं," तो म्हणाला. "मी आये म्हनून वाजवलं. तुमचं नाव वाजवलं. दुसऱ्या दिशी गेलो, तिसऱ्या दिशी गेलो, सगळा जेठ महिना गाडी जुंपीत ऱ्हायलो. त्ये स्टेशन परत कदी आलं न्हाई. बाकीची आली, त्येवढंच न्हाई."

मुक्तानं पितळी आपल्याकडं ओढली. तिला रडू येईल असं त्याला वाटत होतं. तिला राग आला होता, आणि तो तिच्या नाकाच्या शेंड्यावर दिसत होता.

"म्हंजी त्यांनी हाक वळखली," ती म्हणाली, "वो दिली, आन् दार लावून घेतलं."

"तिकडं संसार असल वैनी. नाव बी बदललंय. का भ्याला, कुनाला ठाव."

"असू द्या. सुखात असू द्या." ती ताडकन म्हणाली. "ते मेले असते तर मी रडले असते. हितं रडायचं बी काय काम न्हाई. भाऊजी, आबांकडं मीच गेलते. पान मांडा म्हनून मीच सांगिटलं."

सोपानच्या हातात चमचा तसाच राहिला.

"आता तुमी खरं सांगा. आज बोललासा त्ये कशापायी? भावासाठी, का आबा म्हनले त्यापायी?"

त्यानं चमचा खाली ठेवला. बाहेर गोठ्यात बैलानं मान हलवली.

"दोनी," तो शेवटी म्हणाला. "दादा जिता हाय ह्ये खरं हाय. जित्याचं पान कसं मांडायचं, असं बी वाटलं. पर वैनी, तुमी गेलासा तर ह्या घरात मला कुनाचा आवाज येनार? पेटी गेली. तुमची भांडी वाजतात तिकडं, तेवढंच ऐकत बसतो मी आता."

असं तो आयुष्यात कुणाला म्हणाला नव्हता. मुक्तालाही ते कसं घ्यावं कळेना. तिनं पितळी सरळ केली आणि उगाच पदरानं पुसली.

"हे बारा वर्सांत कदी तरी म्हनायचं व्हतं भाऊजी. निदान मी म्होरं बसून बोलले तरी असते." मग ती उठली. "उद्या पान तुमी मांडायचं. धाकटा भाऊ तुमीच. भावकीम्होरं सांगायचं, माझी चूक झाली, हात दुसऱ्याचा व्हता."

"आन् आयेला?"

"सासूबाईंना बी तेच."

"ती आज बारा वर्सांनी हसली वैनी."

"मला दिसतंय," मुक्ता म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदा फुटला. "मला आंधळी समजू नका."

*

भावकी जमली. अंगणात माणसं बसली, चुलीवर खीर उकळत होती. विठाबाई सकाळपासून प्रत्येकाला धरून सांगत होती, माझा मारुती हाय, माझ्या मारुतीनं ठेका दिला. माणसं माना हलवत होती आणि आबांकडं बघत होती.

"सोपाना," आबा म्हणाले. "बोल."

सोपान उभा राहिला. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. हवेत त्यानं कधी खोटी अक्षरं पाठवली नव्हती, परवान्याच्या अटीतच ते होतं. त्यानं आईकडं न बघता खाली बघितलं.

"काल मी बोललो त्यात काय अर्थ न्हाई," तो म्हणाला. "हवेतली घरघर असती. मानसाला ऐकावंसं वाटतं त्येच ऐकू येतं. त्यो हात दुसऱ्याचा व्हता. माझी चूक झाली."

विठाबाई सोपानकडं बघत राहिली, मग मुक्ताकडं. मुक्तानं मान खाली घातली नाही. दोघींची नजर तशीच राहिली, आणि शेवटी विठाबाईनंच ती काढून घेतली.

"बरं," ती म्हणाली. एवढंच.

ती सगळी मंडळी नदीवर गेली. इंद्रायणीला पाणी भरपूर होतं. पिठाचा पुतळा अगदी लहान होता, जळायला वेळ लागला नाही. मुक्ताचा चुडा भावकीतल्या दोन म्हाताऱ्या विधवांनी दगडावर हळूच फोडला, आणि त्यांतली एक धोंडाबाई तिच्या कानात म्हणाली, "माझ्या बया, तुझा दुसरा भरंल." विठाबाई किती तरी लांब बसली होती.

दुपारी पानं वाढली. एक बापाचं, एक मारुतीचं. आबांच्या सुनेनं दोन्हीवर भोपळ्याची भाजी वाढली, तशी विठाबाई पुढं झाली आणि मारुतीच्या पानावरची भाजी बोटांनी निपटून काढली.

"त्येला भोपळा आवडत न्हाई," ती म्हणाली.

सोपाननं पानं कौलांवर ठेवली. हात जोडून भावाचं नाव घेतलं. मनात त्याला वाटत होतं की कावळा शिवणार नाही, जित्या माणसाचं पान आहे, आता सगळं उघडं पडणार. पण कावळा आला आणि बापाचं पान सोडून आधी मारुतीच्याच खिरीत चोच घातली. आणखी दोन आले. क्षणात पानाचा चट्टामट्टा झाला.

"शिवला!" आबा म्हणाले. त्यांचा जीव भांड्यात पडला होता. "बघा, मोकळा झाला पोरगा. वाट बघत व्हता."

माणसं जेवायला बसली. सोपानला जेवायचं नव्हतं, पण भावकी बघत होती म्हणून तो जेवला.

*

दिवाळी झाली, भात झोडून झालं. पाट गाजावाजा करून लावत नाहीत. संध्याकाळी परंदवडीच्या देवळात चार माणसांत होणार होता, म्हणून पहाटेच निघायचं ठरलं. सोपाननं तीच गाडी जुंपली, तीच कडब्याची गादी घातली. मुक्तानं एक ट्रंक आणि एक गाठोडं घेतलं.

विठाबाईनं सुनेच्या हातात खण दिला, तिच्या तोंडावरनं हात फिरवला आणि कडाकडा बोटं मोडली. "भांडी घासाया राख वापर, माती नको. त्यांच्याकडली माती खरबरीत हाय," असं काहीबाही सांगत राहिली. मग ती गाडीच्या पुढं आली, जिथं सोपान बैलांचे कासरे सोडवत होता.

"सोपाना," ती हळूच म्हणाली. मुक्ताला ऐकू जाऊ नये म्हणून. "बरा असल का रं त्यो?"

सोपानचे हात थांबले. तिला केव्हापासून माहीत होतं, हे विचारायचं त्याला धाडस झालं नाही.

"बरा हाय आये," तो म्हणाला. "हात लय स्वच्छ व्हता. पैल्यासारखाच."

"मग झालं," विठाबाई म्हणाली आणि घरात गेली. गाडी वळेपर्यंत आतनं झाडूचा आवाज येत होता.

दिवसभर गाडी चालली. कार्ला, कामशेत, वडगाव. मुक्ता पेटी जिथं असायची तिथं बसली होती, पाठीला ट्रंक टेकून. बोलणं फार झालं नाही. रस्त्यात भात वाहणाऱ्या गाड्या भेटल्या, रेल्वेचं इंजिन घरघरत शेजारनं गेलं आणि दोघांनीही सवयीनं मान तिकडं वळवली. एकदा तिनं विचारलं, "लढाई संपल्यावर पेटी परत देतील न्हवं?"

"म्हनलेत खरं."

"मग तवा तरी मानसाशी बोला. कोलंबोवाला भाकरी करून घालनार न्हाई."

तो हसला. पुष्कळ दिवसांनी.

परंदवडीच्या वेशीवर अंबाजी दोन माणसांसह उभा होता. त्याची पोरगी त्याच्या मागं लपून बघत होती. सोपाननं बैल थांबवले. ट्रंक अंबाजीनं उतरवली. मुक्ता गाडीतनं उतरली, लुगडं झटकलं, दोन पावलं गेली आणि परत आली.

सोपान पुढं बैलांकडं तोंड करून बसला होता. मागं फिरून बघायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं. त्याला वाटलं गाठोडं राहिलं असेल.

मागच्या फळीवर ठोका पडला. दोन लांब, तीन आखूड.

मग ती थांबली. पठारावर गाडी सोडून, बैल लांब बांधून, तारेचं टोक जांभळीत टाकून इतकी वर्षं त्यानं हाक मारली होती आणि कान लावून बसला होता. आज हाक दुसऱ्या कुणी मारली होती आणि वाट तीच बघत होती. त्याचा हात कासऱ्यात अडकला होता. तो सोडवून त्यानं पाठमोऱ्यानंच बसल्या फळीवर उरलेला अर्धा वाजवला. तीन आखूड, एक लांब. शेवटचा त्यानं ओढला नाही. तो त्याच्या स्वतःच्या हातानं वाजवला.

"पोचले," ती म्हणाली, आणि पोरगीकडं गेली.

सोपाननं गाडी वळवली. वडगाव येईपर्यंत अंधार पडला होता, तरी त्यानं कंदील लावला नाही. बैलांना घरची वाट ठाऊक होती.